शोकेसमधले मामा

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माणूस आहेत हे मला कळलं नव्हतं.

पैठण गेटच्या आतल्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून, त्यांचं अरुंद दुकान होतं. शेरवानी, साफा, मोजड्या, सगळं तिथे भाड्याने मिळायचं. मी कॉलेजात होते आणि मावसभावाच्या लग्नाच्या खरेदीसाठी घरच्यांबरोबर हिंडत होते. दुकानाच्या काचेत एक पुतळा उभा होता. मरून रंगाची शेरवानी, एक हात पाठीमागे, हनुवटी किंचित वर. आमच्या आधी सिल्लोडकडचे एक म्हातारे गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. काच एका बाजूने उघडी होती. त्यांनी पुतळ्याची बाही धरून तिच्यावरची जर चोळून पाहिली, अस्तर उलटून पाहिलं, एक गुंडी ओढून पाहिली. मग आत बसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, की ही पुतळ्यासकट मिळेल का, घरी बायामाणसांना अशी उभी करून दाखवली म्हणजे त्यांना अंदाज येईल.

पुतळ्याने ओठ न हलवता उत्तर दिलं, “मिळंल. पण पुतळा जेवतो.”

म्हातारे गृहस्थ मागे सरले ते थेट चपलांच्या दुकानात. मावशीने माझा दंड घट्ट धरला. आणि मावसभाऊ, जो सकाळपासून प्रत्येक दुकानात नाक मुरडत होता, त्याने तिथल्या तिथे तीच मरून शेरवानी ठरवून टाकली.

दुकान नवीन होतं तेव्हा पुतळे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ते स्वतः काचेत उभे राहिले, असं मामा सांगत. पुढे ऐपत आली तरी त्यांनी पुतळा आणला नाही. पुतळ्याला घाम येत नाही, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडची लग्नं भर उन्हाळ्यात. शेरवानी पाठीला चिकटल्यावर कशी दिसते हे गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे. त्यामुळे सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी गल्लीत गर्दी झाली की पुन्हा, मामा काचेत उभे राहत. शाळेतली मुलं येऊन जिभा काढून दाखवत. मामांची पापणी हलत नसे.

त्यांचं घर गंगापूर तालुक्यातलं, ऊस आणि कापूस पिकवणारं. भाऊ शेतीत राहिले, हे शिकायला म्हणून शहरात आले आणि कापडाच्या दुकानात कामाला लागले ते तिथलेच झाले. मामा हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. मंडपात नवऱ्याच्या मागे मामा उभा असतो, नवरीच्या मागेही मामाच असतो, तेव्हा आपण दोन्हीकडचे, असा त्यांचा हिशेब. दुकानात पाय टाकणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ते ‘नवरदेव’ म्हणत. पोस्टमन नवरदेव होता, वीज मंडळाचा मीटर वाचणारा नवरदेव होता. स्वतः मामांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारलं की ते म्हणत, “रोज लग्नाचे कपडे घालतो की. अजून किती करू?”

शरीर कमावण्याची भानगडही कपड्यातूनच निघाली. एका जुन्या शिंप्याने त्यांना सांगितलं होतं, की कापड चांगलं आहे, शिवणही चांगली आहे, पण मामा, तुमचे खांदे पडके आहेत. दुसऱ्या कुणाला राग आला असता. मामा दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या जिममध्ये गेले. बरोबरीच्या मित्रांची पोटं पुढे यायला लागली होती त्या वयात हे वजनं उचलायला लागले. दोन-तीन वर्षांत खांदे असे झाले, की शेरवानी खुंटीवर टांगल्यासारखी सरळ खाली उतरायची. मग जिममधल्या लोकांनी त्यांना फिटनेस मॉडेलच्या स्पर्धांना ढकललं. तिथे त्यांच्याहून दांडगे, त्यांच्याहून तरुण खूप असत. पण परीक्षकांसमोर न थरथरता उभं राहणं कुणाला जमत नसे, आणि मामांचा तर तो धंदाच होता. बक्षिसं मिळाली, फोटो निघाले, जाहिराती आल्या.

खाणं त्यांनी सगळं बदललं. डब्यात उकडलेली अंडी आणि मोड आलेली मटकी. चहा बिनसाखरेचा. याचं सगळ्यात जास्त दुःख त्यांच्या आईला. घरचा ऊस कारखान्याला जातो आणि पोरगा साखरेला शिवत नाही, हा त्यांना पिकाचा अपमान वाटे. त्या काळी-पिवळी जीपने गंगापूरहून येत, दुकानात बसून गिऱ्हाइकांसमोर हे गाऱ्हाणं मांडत, आणि जाताना पिशवीतून गुळाची ढेप काढून काउंटरवर ठेवत. त्या ढेपा मामा जिममधल्या गड्यांना वाटून टाकत.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जाहिरात बनियनची होती. कंपनी बाहेरची होती. फोटो इथेच काढले आणि काही आठवड्यांनी गंगापूरच्या रस्त्याला भलामोठा फलक लागला. मामांनी आईला मुद्दाम बोलावून घेतलं आणि फलकाखाली नेऊन उभं केलं. फलकावर मामांचं अंग होतं, छातीपासून कमरेपर्यंत, पांढऱ्या बनियनमध्ये. गळ्याच्या वर कंपनीचं नाव सुरू होत होतं. डोकं कापून टाकलेलं होतं. मामांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दंडावर लहानपणीचा, झाडावरून पडल्याचा वण होता. त्यावरून आईने मुलाला ओळखलं.

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अंग तुझंच हाय. डोस्कं कुठंय?”

मामा म्हणाले, की जाहिरातीत असंच असतं, बघणाऱ्याचं लक्ष बनियनवर राहावं म्हणून. आईला ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, “डोस्कं कापलं त्यानं तुझं, अन् तू मला जीपचं भाडं घालून दाखवायला आणलंस व्हय.”

ही गोष्ट मामा स्वतः सांगत आणि सांगताना खूप हसत. पण त्यांचा व्हिडिओ निर्मितीचा व्यवसाय त्या फलकाखाली सुरू झाला हेही तेच सांगत. कॅमेरा दुसऱ्याचा असला की कात्रीही दुसऱ्याची असते, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं. उस्मानपुऱ्यात टायरच्या दुकानावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या, एकीत कॅमेरे ठेवले, दुसरीत संकलनाचं टेबल मांडलं आणि लग्नांचे, दुकानांच्या जाहिरातींचे, व्यायामाचे व्हिडिओ करायला लागले. कॅमेरामन म्हणून त्यांनी जिममधले गडी घेतले. कॅमेरा शिकवता येतो, हात शिकवता येत नाही, असं त्यांचं मत. घट्ट टी-शर्टातले ते पैलवान लोक तळहाताएवढा कॅमेरा अंड्यासारखा जपून धरत. त्यांचा म्होरक्या रफिक, जिमचा ट्रेनर. तो मामांना ‘मामू’ म्हणे आणि नवरीच्या पाठवणीला कॅमेऱ्यामागे हमखास रडे. पण चित्र कधी हललं नाही.

मी तिथे गेले ते काम शोधत. विद्यापीठातून पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला होता, संकलन शिकले होते आणि ज्या वाहिन्यांना अर्ज केले होते त्यांची उत्तरं येत नव्हती. मामा मुलाखत घेताना उभे होते. मला म्हणाले, तू बस. नंतर कळलं की इस्त्रीचे कपडे अंगावर असले की ते बसतच नसत. गुडघ्याला चुणी पडते. रिक्षातसुद्धा ते आडवे कलून, पाय लांब करून जात, आणि रिक्षावाल्याला वाटे की पेशंट आहे.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यात वाईट काय असतं. मी फिरणारी बदामं आणि गुलाबातून उमलणारे नवरा-नवरी वगैरे सांगितलं.

“ते चालतंय,” मामा म्हणाले. “सगळ्यात वाईट हे, की ज्यांचं लग्न हाय ते कमी दिसतात. जेवणारे जास्त दिसतात.”

मला काम मिळालं. मी टेबलाशी बसून तुकडे जोडायची आणि मामा मागे उभे राहून बघायचे, तेही आवाज बंद करून. बोलायचे काहीच नाहीत. पण एखादं दृश्य लांबलं की मागून फसफस आवाज यायचा. वळून बघावं तर मामा बैठका मारत असायचे. कंटाळा आला की त्यांचं अंग व्यायामाला लागे, आणि त्यात मुद्दाम काही नव्हतं. त्यांना स्वतःलाही कळत नसे. दृश्य छाटलं की बैठका थांबत. पुढे मी पुण्यात मोठमोठ्या लोकांबरोबर काम केलं, पण कात्री कुठे लावायची हे इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

आमच्या घरी मात्र हे काम पसंत नव्हतं. वडील कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. खडकेश्वरला आमचं घर, घरात तीन पिढ्या कारकुनी. मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांचं म्हणणं होतं आणि परीक्षेची पुस्तकं ते माझ्या टेबलावर न बोलता आणून ठेवत. त्यात तो दुष्काळाचा उन्हाळा आला आणि मामांनी एका सामुदायिक विवाहाचं काम घेतलं, गंगापूरच्या बाजूला. चार-पाच दिवस बाहेर राहायचं होतं. मी वडिलांना विचारायला धजत नव्हते, तर मामा स्वतःच आमच्या घरी आले.

वडील वेताच्या खुर्चीत होते. त्यांनी बसा म्हटलं. मामा उभेच राहिले. वडिलांनी पुन्हा बसा म्हटलं. मामांनी नमस्कार केला आणि तरी उभेच. साहेबासमोर उभी राहणारी माणसं वडिलांनी जन्मभर पाहिली होती, पण बसा म्हटल्यावर न बसणारा माणूस एक तर घाबरलेला असतो नाही तर उद्धट. त्यांचा चेहरा कडक व्हायला लागला. तेव्हा मामांनी संकोचून सांगितलं, की पॅन्टची इस्त्री मोडेल.

वडील थोडा वेळ त्या पॅन्टकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची पॅन्ट नोकरीभर रात्री गादीखाली घडी घालून ठेवलेली असायची, आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. त्यांनी विचारलं, “खळ घरी करता की बाहेर देता?”

पुढचा तासभर मला काही काम राहिलं नाही. साबुदाण्याची खळ बरी की तांदळाची पेज, पाणी शिंपडून इस्त्री करावी की ओला पंचा घालून, यावर दोघे बोलत राहिले. वडीलही केव्हातरी उठून उभे राहिले होते. मी बिनसाखरेचा चहा आणून दिला तो दोघांनी उभ्यानेच घेतला. मामा गेल्यावर वडील एवढंच म्हणाले, की माणूस नीटनेटका आहे. बँकेच्या परीक्षेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही असं नाही, पण निघाला की लवकर संपायचा.

त्या वर्षी शहराला अजून औरंगाबादच म्हणत. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी. कॉलन्यांमध्ये टँकर, आणि त्याच वेळी जालना रोडला मॉल, बीड बायपासला एकाशेजारी एक उंच इमारती उठत होत्या. खेड्यांमधली लग्नं लोक पुढे ढकलत होते. मामा संध्याकाळी काचेत उभे राहत, पण गल्लीत थांबणारं कुणी नसे. सगळ्या शेरवान्या हँगरला होत्या. मॉलमधल्या कपड्यांच्या दालनात आता डोकं नसलेले पुतळे आले होते. आम्ही एकदा बघायला गेलो तर मामांनी स्वतःचा रुमाल काढून त्यातल्या एकाच्या मानेवर फेटा बांधला आणि सुरक्षारक्षक धावत आला.  

सामुदायिक विवाह एका मंडळाने ठेवला होता. पंचवीस-तीस जोडपी. मंडळाची योजना अशी, की सगळ्या नवऱ्यांना सारखा पांढरा कुडता आणि सारखा फेटा, आणि सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ. मामांनी कुडते नको म्हटलं. दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शेरवान्या टेम्पोत घालून त्यांनी नेल्या आणि लग्नाच्या सकाळी शाळेच्या वर्गात दोऱ्या बांधून टांगल्या. ज्याला जी आवडेल ती. मुलं दाराशी घुटमळत होती. आत यायला कुणी तयार नव्हतं, आणि आली ती सगळ्यात साध्या शेरवानीकडे हात नेत होती. सिल्लोडच्या पलीकडचा भागिनाथ नावाचा एक काटकुळा मुलगा एका हिरव्या शेरवानीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग दुसरीच उचलून निघाला. मामांनी त्याला परत आणलं. तो म्हणाला, ती फार भारी आहे, राजाची दिसते.

“राजाच्या मापाची नाय ती,” मामा म्हणाले. “घालून बघ. तुझ्या मापाची हाय.”

ती त्याला खरोखरच नीट बसली. त्याने आरशात पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मामांनी त्याची हनुवटी बोटाने वर केली आणि त्याला काचेतला आपला पवित्रा करून दाखवला, हात पाठीमागे, खांदे सैल. भागिनाथ तसा उभा राहिला. बाकीची मुलं हसली आणि मग एकेक करून सगळी तशी उभी राहायला लागली.

सकाळीच वावटळ आली आणि मंडपाचं वरचं कापड फाटून गेलं. बांबू तेवढे राहिले. मुहूर्त दुपारचा होता, पण प्रमुख पाहुणे यायचे होते आणि ते येईपर्यंत काही सुरू होणार नव्हतं. जोडपी ओळीने खुर्च्यांवर बसलेली, डोक्यावर ऊन. पाण्याचा टँकर वाटेत कुठेतरी अडकलेला. नवऱ्या शालूत घामाने निथळत होत्या. अनिता म्हणून भागिनाथची नवरी, तिला भोवळ आली आणि मी तिच्या तोंडावर माझ्या बाटलीतलं पाणी मारलं. मुहूर्त केव्हाच टळून गेल्यावर पाहुणे आले आणि भाषण सुरू झालं.

मामांनी रफिकला खूण केली. शूटिंगसाठी मागे लावायची पांढरी कापडं आम्ही बरोबर आणली होती. गड्यांनी कॅमेरे खाली ठेवले, दोघांनी मिळून एक असं कापड हातांवर ताणलं आणि जोडप्यांच्या डोक्यावर धरलं. एका ओळीवर, दुसऱ्या ओळीवर. गड्यांचे सगळे हात वर गेले. खाली सावली पडली. नवऱ्या पदराने तोंड पुसून इकडेतिकडे बघायला लागल्या.

मंडळाचे संयोजक वाकून वाकून मामांकडे आले. साहेब बोलताहेत आणि एकही कॅमेरा चालू नाही, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“गड्यांचे हात रिकामे नायत, भाऊ,” मामा म्हणाले.

संयोजकांनी कापडं सोडायला सांगा म्हटलं. मामा आवाज न चढवता म्हणाले, “तुम्हीच सांगा. समोर नवऱ्यांच्या आया बसल्यात. त्यांच्यासमोर सांगा.”

संयोजकांनी आयांकडे पाहिलं. आया त्यांच्याकडेच बघत होत्या. ते आले तसे वाकून परत गेले.

भाषण लांबत चाललं. आणि मी जे व्हायला नको म्हणून मनात जप करत होते ते झालं. मंडपाच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, मामा बैठका मारायला लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आधी एकमेकींना कोपरं मारली, मग पदर तोंडाला लावले. रफिकच्या हातातलं कापड हसण्याने हलायला लागलं. पाहुण्यांना वाटलं आपला विनोद लागू पडला. त्यांनी आणखी तीन-चार सांगितले. त्यामुळे भाषण अजून लांबलं, पण तोवर ओळीतल्या नवऱ्या-नवरदेवांसकट सगळा मंडप हसत होता आणि उन्हाचं कुणाला काही राहिलं नव्हतं. रफिक मागून मला सांगत होता, “और बोलने दो उनकू. हाथ दुखरे नै.”

त्या भाषणाचं एक सेकंदही चित्रण नाही. मंगलाष्टकांना कापडं खाली आली आणि कॅमेरे पुन्हा वर गेले. त्या मंडळाने मामांना पुन्हा बोलावलं नाही आणि त्यांच्या ओळखीतली बरीच कामं पुढे दुसऱ्यांकडे गेली. मामांना त्याचं वाईट वाटलं का, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, वाटलं, पण टँकर वेळेवर आला असता तर जास्त बरं वाटलं असतं.

व्हिडिओचं त्यांनी मला परतताना टेम्पोतच सांगितलं. सगळ्यांचा मिळून एक करायचा नाही. प्रत्येक जोडप्याचा वेगळा करायचा, आणि एकाच्या फिल्ममध्ये दुसरी जोडी दिसता कामा नये. खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसांचं हे कसं करायचं ते तू बघ, म्हणाले. तो सगळा उन्हाळा मी टेबलाशी काढला. कुठे शेजारच्याची बाही येई, कुठे मागच्या नवरीचं बाशिंग. चौकटी लहान केल्या, डोळे, हात, अंतरपाटाची कड, हसणारे बाप. मामा मागे उभे राहून बघत आणि बैठका मारत. पुढे पुढे बैठका कमी झाल्या.

मग जोडप्यांना बोलावणी गेली. ती एकेक करून घरच्यांना घेऊन टायरच्या दुकानावर चढून येत, खोलीत अंधार करून आपली फिल्म बघत. मामा आत थांबत नसत. जिन्यात उभे राहत आणि आतून हसण्याचा आवाज आला की खाली टायरवाल्याला हाताने खूण करत.

आता मामांचा स्टुडिओ सिडकोकडे आहे, चांगला ऐसपैस. पैठण गेटचं दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं. शेरवान्या ते आता स्वतःच्या नावाने शिवून विकतात आणि त्यांच्या जाहिरातीही स्वतःच करतात, डोक्यासकट. सगळ्यात चालणारा त्यांचा कार्यक्रम म्हणजे मोबाइलवरचा व्यायामाचा. त्यात मामा व्यायाम करून दाखवतात आणि त्यांची आई बाजूला बाजेवर बसून त्यांना नावं ठेवते. लोक व्यायाम करत नाहीत, आईचं बोलणं ऐकतात. गंगापूरच्या एसटी स्टँडवर म्हातारीभोवती घोळका जमतो आणि ती सगळ्यांना साखरेचा चहा प्यायला सांगते.

पण मला मामा आठवतात ते त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचे. सगळी जोडपी येऊन गेली होती, अनिता आणि भागिनाथ तेवढे आले नव्हते. फोन बंद. गावाकडे निरोप धाडला तर कळलं, की विहीर आटली, पेरलेली मका वाळली, आणि दोघं कामाला गेली, तुमच्याच शहरात, कुठल्याशा बिल्डिंगवर. मामांनी बीड बायपासला इमारती धुंडाळायला सुरुवात केली. रफिकचा चुलतभाऊ फरशा बसवायचा. शेवटी त्याने पत्ता आणला.

आम्ही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर पोचलो. अनिता साडीवर पुरुषाचा शर्ट घालून, हातात पाइप घेऊन ताज्या भिंतीवर पाणी मारत होती. आम्हाला ओळखून तिने तोंडावर टॉवेल ओढला. गावात हंडाभर पाण्याला रांग लागायची आणि इथे भिंतींना पाजायला पाणी आहे, असं ती मला हळूच म्हणाली, रागाने नाही, नवल वाटून. भागिनाथला वरच्या मजल्यावरून हाका मारून उतरवलं. मुकादमाने सुट्टी संपेपर्यंतच म्हणून बजावलं.

तळघरात पार्किंगची जागा बांधून झाली होती, भर दुपारी काळोखी. नवं प्लॅस्टर केलेल्या भिंतीसमोर विटा रचून मामांनी प्रोजेक्टर ठेवला. जेवणारे कामगार डबे घेऊन आत आले. बिहारचे होते, आंध्रातले सेंटरिंगवाले होते, आमच्याकडचे होते. भिंतीवर भागिनाथ आला, हिरव्या शेरवानीत. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. मग अंतरपाटाच्या कडेवर अनिताचे डोळे आले, मग तिचा बाप आला, मामांच्या बैठका आठवून मंगलाष्टकांतही पोट धरून हसणारा, पण तो कशाला हसतोय ते फिल्ममध्ये दिसत नव्हतं. तो मुलीच्या आनंदात हसतोय असंच वाटत होतं. मागे माणसंच माणसं, मैदान भरून, आणि दुसरी नवरी कुठेही नाही.

अनिताने टॉवेल केव्हाच खाली घेतला होता. तिने मामांना विचारलं, “एवढी माणसं माझ्या लग्नाला आली होती?”

मामा म्हणाले, “व्हय. समदी तुझ्याच लग्नाला.”

फिल्ममधली मंगलाष्टकं शेवटाला आली. ‘सावधान’ झालं आणि भिंतीवर अक्षता उडाल्या. तेवढ्यात सेंटरिंगवाल्यांपैकी एका बाईने आपल्या डब्यातले मूठभर मुरमुरे उचलून त्या दोघांवर टाकले, समोर बसलेल्या, सिमेंटने माखलेल्या. तिला भाषा कळत नव्हती, पण कुठे काय करायचं ते कळलं होतं. मग सगळ्यांनीच टाकले. ज्यांच्याकडे मुरमुरे नव्हते त्यांनी टाळ्या वाजवल्या, घमेली वाजवली. मुकादम दारातून सुट्टी संपली म्हणून सांगायला आला होता, तोही वाजवायला लागला. भागिनाथ उठून उभा राहिला आणि काय करावं ते न सुचून त्याने सगळ्यांना नमस्कार केला. अनिता हसत हसत केसांतले मुरमुरे वेचून खात होती.

मामांनी मला कोपराने ढोसलं. त्यांचे डोळे त्या दोघांवरून हलत नव्हते.

“कॅमेरा आणलायस का?”

मी नाही म्हटलं. त्या दिवशी फक्त दाखवायला गेलो होतो.

“मग नीट बघून घे,” मामा म्हणाले.